‘सहा महिन्यांनी दाखवा’ म्हणाले होते

पाठीचा कणा वाकडा होतोय हे आपल्या वस्तीत डॉक्टरच्या आधी शिलाईवाल्या ताईला कळतं. शाळेचा ड्रेस शिवायला मापं घेताना ती म्हणते, “पोरीचा एक खांदा खाली आहे. मी घेर सरळ कापला तरी एका बाजूने वर चढणार.” आई पोरीच्या पाठीत चापट मारते, “नीट उभी राहा गं.” पोरगी नीट उभी राहते. घेर तरीही वर चढतो. मग ताई एका बाजूने दोन बोटं कापड जास्त सोडते आणि विषय संपतो. पुढच्या जूनला तीन बोटं सोडते.

या महिन्यात आम्ही त्या दोन बोटांबद्दल लिहितो आहोत. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. म्हणजे कणा बाजूला वळणं. आपण ज्याला पोक म्हणतो तो वेगळा. पोक पुढे येतो, हा बाक डावी-उजवीकडे जातो आणि जाता जाता मणके आपल्याभोवती पीळही घेतात. त्या पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात. सरळ उभ्या मुलीत हे सहज दिसत नाही, वाकल्यावर दिसतं.

आधी आमची चूक सांगतो, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहावा लागला.

आम्ही तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात हाडांच्या ओपीडीत ड्यूटीला होतो. सकाळी आठला रांग लागायची, दुपारी दोनपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसायची. एक बाई साडेअकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पाळी अजून आली नव्हती. एक्स-रे काढला, बाक २४ अंशांचा निघाला. डॉक्टरांनी केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द लिहिले, सहा महिन्यांनी दाखवा या अर्थाचे, आणि पुढचा नंबर पुकारला. बाईने दाराशी आम्हाला विचारलं, “सिस्टर, काय म्हणाले?” आम्ही म्हणालो, “काळजीचं काही नाही, नुसतं बघत राहायचं.” आमच्या मनात ते वाक्य सरळ होतं. पण तिने त्यातला पहिला अर्धा भाग ऐकला. ऐकणारच. रोजंदारी बुडवून आलेल्या आईला ‘काही नाही’ हेच ऐकायचं असतं.

ती परत आली तीन वर्षांनी. मुलगी साडेचौदाची झाली होती, ओढणी पाठीवर पसरून घेत होती, उन्हाळ्यातसुद्धा. बाक ५२ अंश. आईने तोच जुना केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीतून काढला, एक घडीसुद्धा फाटली नव्हती. म्हणाली, “तुम्हीच म्हणाला होतात, काही नाही म्हणून.”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मधल्या काळात ब्रेस घातला असता तर बाक नक्की थांबला असता असं आम्ही म्हणत नाही, कारण ब्रेस सगळ्यांना लागू पडत नाही. पण त्या मुलीला तो पर्याय मिळालाच नाही. ती परत आली तेव्हा वाढ जवळजवळ संपली होती आणि समोर शस्त्रक्रियेचा प्रश्न उभा होता. हे सगळं आमच्या एका अर्धवट वाक्यामुळे झालं असं म्हटलं तर डॉक्टर, व्यवस्था, गर्दी सगळे सुटतात, आणि तेही खरं नाही. तरी दारात उभं राहून ते वाक्य बोललो आम्हीच.

तेव्हा वाढत्या वयात ‘बघत राहू’ हे वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखं घ्यायचं. चिठ्ठीवर गोळी किती वाजता हे लिहिलेलं असतं, तशी इथे तारीख असते. तारीख चुकली की उपचार चुकला.

आता मुळापासून. एक्स-रेवर बाकाचा कोन मोजतात. जॉन कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये ही मोजायची रीत मांडली, म्हणून रिपोर्टवर ‘कॉब अँगल’ असं लिहिलेलं दिसतं. दहा अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. कुणाचाच कणा फूटपट्टीसारखा नसतो. दहा किंवा त्याहून जास्त बाक वयात येणाऱ्या शंभर मुलामुलींपैकी दोन-तीन जणांत सापडतो. पण तीस अंशांच्या पुढे जाणारे हजारात एक ते तीनच. हा आकडा आयांनी लक्षात ठेवावा, कारण ‘वाकडा’ हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. बहुतेकांचा बाक लहान असतो आणि लहानच राहतो. छोटा बाक मुलांत आणि मुलींत जवळपास सारखाच आढळतो, मोठा मात्र मुलींत कितीतरी जास्त. तीस अंशांच्या पुढचे दहा-अकरा रुग्ण घेतले तर त्यात एखादाच मुलगा असतो.

कशामुळे होतो? दहा वर्षांनंतर दिसणाऱ्या बहुतेक बाकांचं नेमकं कारण विज्ञानाला सापडलेलं नाही. घराण्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते, एवढं नक्की. शाळेच्या दप्तराने होत नाही. नळावरून हंडा-कळशी आणल्याने होत नाही. एका कुशीवर झोपल्याने, वाकून अभ्यास केल्याने, लहानपणी दूध कमी पडल्याने होत नाही. दप्तराच्या ओझ्याने पाठ दुखते, ते कमी करायलाच हवं, पण ती वेगळी गोष्ट. गरोदरपणी आईने ग्रहणात काही चिरलं म्हणून मूल वाकडं झालं असं एका आजींनी आमच्यासमोर सुनेला सुनावलं. आपल्या घरांनी ग्रहण पाळणं सोडून किती वर्षं झाली! पण सुनेला बोलायची वेळ आली की ते परत येतं. आईचा यात काडीचाही दोष नाही.

बाक कसा वाढतो, हा खरा मुद्दा.

आपण दारावर पेन्सिलीने पोरांची उंची लिहितो ना? ज्या वर्षी दोन खुणांमधलं अंतर सगळ्यात जास्त, ते वर्ष बाकासाठी सगळ्यात धोक्याचं. कणा भराभर लांब होतो आणि बाक असेल तर त्याच वेगाने तो वळतो. मुलींमध्ये हा जोर पाळी यायच्या आधीच्या काळात असतो. पाळी आल्यावर साधारण दोन वर्षांत उंची वाढणं जवळजवळ थांबतं आणि बाकाचा धोकाही उतरतो. मुलांमध्ये हा जोर एक-दोन वर्षं उशिरा येतो. म्हणून डॉक्टर मुलीला पाळी कधी आली हे विचारतात. आई लाजते, मुलगी खाली बघते, आणि कुणीतरी अंदाजाने महिना सांगतं. तो महिना आठवणीने लिहून ठेवा. कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेला वाढीची एक रेघ एक्स-रेत दिसते, तिच्यावरूनही वाढ किती उरली हे ठरवतात. त्या मोजणीला रिसर म्हणतात, शून्य ते पाच. शून्य म्हणजे बरीच वाढ बाकी, पाच म्हणजे संपली.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या लॉनस्टाइन आणि कार्लसन या डॉक्टरांनी उपचार न केलेल्या मुलामुलींचे आकडे छापले. चाळीस वर्षं होऊन गेली तरी डॉक्टर अजून त्यांचाच आधार घेतात. बाक २० ते २९ अंश आणि रिसर शून्य किंवा एक, अशा शंभरांपैकी ६८ जणांचा बाक वाढला. तेवढाच बाक, पण वाढ बरीच झालेली असेल तर शंभरात २३. बाक २० अंशांच्या आत आणि वाढ बाकी असेल तर शंभरात २२. बाकही लहान आणि वाढही उरकत आलेली असेल तर शंभरात दोनसुद्धा नाहीत.

आमच्या ओपीडीतली ती साडेअकरा वर्षांची, २४ अंशांची मुलगी या ६८च्या रांगेत होती. आणि आम्ही तिला काळजीचं काही नाही म्हणालो.

हेच आकडे उलट्या बाजूनेही वाचा. सतरा वर्षांची मुलगी, पाळी येऊन चार वर्षं झालेली, बाक १५ अंश. तिला दर सहा महिन्यांनी एक्स-रेला नेणारी एक आई आम्हाला भेटली. कोपऱ्यावरच्या खाजगी दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. तिचे पैसे फुकट जात होते आणि मुलगी कारण नसताना स्वतःला आजारी समजत होती. वाढ संपली आणि बाक तीसच्या आत असेल तर तो पुढे फारसा वाढत नाही. तिथे राखण थांबवायची. थांबवणंही डॉक्टरांनी सांगायला हवं, पण ते कुणी सांगत नाही.

तीस ते पन्नासच्या मधला बाक पुढच्या आयुष्यात हळूहळू दहा-पंधरा अंशांनी वाढू शकतो. त्याला दर सहा महिन्यांची गरज नाही, काही वर्षांनी एकदा दाखवणं पुरेसं. छातीच्या भागातला पन्नासच्या पुढचा बाक मात्र वाढ संपल्यावरही साधारण वर्षाला एक अंश या चालीने पुढे जातो. वर्षाला एक अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पंधराव्या वर्षी ५२ असेल तर पंचेचाळिसाव्या वर्षी किती, हा हिशोब घरी करा. म्हणूनच ४५-५० अंशांच्या आसपास डॉक्टर शस्त्रक्रियेचं बोलू लागतात.

आणि काहीच केलं नाही तर? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९३० आणि ४०च्या दशकांत आलेल्या, उपचार न झालेल्या शंभराहून जास्त रुग्णांचा पन्नास वर्षं माग ठेवला आणि २००३ मध्ये ते छापलं. बाक असणारी माणसं इतरांपेक्षा लवकर मेली नाहीत. त्यांनी कामं केली, संसार केले. कायमची पाठदुखी त्यांच्यात शंभरात ६१ जणांना होती, बाक नसलेल्या त्यांच्याच वयाच्या लोकांत ३५ जणांना. दुखणं बहुतेकांचं सोसण्याइतकं होतं. छातीच्या भागातला बाक ऐंशीच्या पुढे गेलेल्यांना दम लागत होता. शरीराच्या ठेवणीचं दुःख बऱ्याच जणांच्या मनात म्हातारपणीही होतं. हे सगळं आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे एक तर ‘काही नाही’ असतं नाहीतर ‘पोरगी अपंग होणार’. खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि नेमकं कुठे ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आता राखण कशी करायची.

घरी पहिली पाहणी आईने, मावशीने किंवा मोठ्या बहिणीने करावी. दार लावून, मुलीला आधी सांगून, तिच्या मर्जीने. पाठ उघडी हवी. आधी मागून बघा: खांदे समान आहेत का, एका बाजूचं खांद्याचं पातं जास्त बाहेर आलंय का, हात आणि कंबर यांच्यामधली फट दोन्हीकडे सारखी आहे का. मग पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून खाली लोंबू देत हळूहळू वाकायला सांगा. पाठीच्या उंचीवर डोळे आणून बघा. एका बाजूची पाठ दुसरीपेक्षा वर दिसली तर तो उंचवटा म्हणजेच तो पीळ. विल्यम अॅडम्स या इंग्रज सर्जनने १८६५ मध्ये ही वाकवण्याची तपासणी सांगितली. तिला पैसा लागत नाही, वीज लागत नाही, एक मिनिट लागतं. डॉक्टरांकडे उंचवटा मोजायला पाणसळीसारखं छोटं साधन असतं. त्यावर सात अंश किंवा जास्त आले तर साधारण एक्स-रेला पाठवतात. घरी आकडा नको. उंचवटा दिसला की दाखवा, एवढंच.

कुठल्या वयात? अमेरिकेतल्या हाडांच्या आणि मुलांच्या डॉक्टरांच्या संघटना म्हणतात, मुलींची तपासणी दहाव्या आणि बाराव्या वर्षी, मुलांची एकदा तेराव्या-चौदाव्या वर्षी. तिथेही याबद्दल वाद आहे. तिथल्या सरकारी तज्ज्ञ गटाने २००४ मध्ये शाळेतल्या सरसकट तपासणीच्या विरोधात मत दिलं होतं. मुलं विनाकारण डॉक्टरकडे पाठवली जातात, एक्स-रे काढले जातात, घरं घाबरतात, असं त्यांचं म्हणणं. पुढे ब्रेसचे पुरावे आले आणि २०१८ मध्ये त्याच गटाने भूमिका बदलली. आता ते म्हणतात, तपासणीच्या बाजूने किंवा विरुद्ध ठाम सांगायला पुरावा अपुरा आहे.

आम्ही काय म्हणतो? विनाकारण एक्स-रेची भीती आम्हाला पटते. पण ज्या घरात मुलांचे डॉक्टर दरवर्षी उंची-वजन बघतात त्या घरासाठीचा हा वाद आहे. आपल्या वस्तीतली बारा वर्षांची मुलगी डॉक्टरसमोर उभी राहते ती ताप आला तर. लसीकरणाची वर्षं संपली की लग्नापर्यंत तिचं शरीर कुणी तपासत नाही. तिथे एक मिनिट पाठ बघणं जास्त कसं होईल? फक्त उंचवटा दिसल्याबरोबर एक्स-रे सेंटरकडे धावू नका. आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, एक्स-रे हवा की नको ते तो ठरवेल.

एक्स-रेबद्दल जरा जास्त सांगतो, कारण घोळ इथेच होतो. एक्स-रे उभं राहून आणि पूर्ण कण्याचा हवा. झोपवून काढलेल्यात बाक कमी दिसतो. मोजणीत तीन ते पाच अंशांचा फरक दोन डॉक्टरांतही पडतो. त्यामुळे २२चे २५ झाले म्हणून रडू नका आणि २५चे २२ झाले म्हणून मालीशवाल्याला पेढे देऊ नका. पाच अंशांहून जास्त फरक पडला तर तो बदल धरतात. जुना एक्स-रे हाताशी नसेल तर नवीन एक्स-रे अर्धा मुका असतो. आपल्या घरात पावसाळ्यात फिल्मा भिजतात, चिकटतात, उंदीर कुरतडतात. प्रत्येक फिल्मचा खिडकीच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा, त्यावरची तारीख आली पाहिजे. फोटो दोन माणसांच्या मोबाईलमध्ये ठेवा, कारण मोबाईलही हरवतात.

किरणांची भीती खोटी नाही. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात बाक सापडलेल्या साडेपाच हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांचे सरासरी २५ एक्स-रे झाले होते, आणि त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त निघालं. त्या काळची यंत्रं जास्त किरणं टाकायची. आता ती कमी झाली आहेत, तरी साधा नियम असा की किरणं पाठीकडून यावीत, म्हणजे छातीवर कमी पडतात. “पाठीकडून काढा” असं तंत्रज्ञाला सांगायला लाजू नका. मुलीची छाती, मुलीचं आयुष्य. वाढीच्या काळात साधारण चार ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं, पण प्रत्येक भेटीला एक्स-रे लागतोच असं नाही, हेही विचारा.

बाक २५ ते ४०च्या दरम्यान आणि वाढ बाकी असेल तर ब्रेस देतात. छातीपासून कंबरेपर्यंतचा कडक प्लास्टिकचा, मुलीच्या मापाने घडवलेला. औषधाच्या दुकानात मिळणारा कमरेचा पट्टा म्हणजे ब्रेस नव्हे. तो पट्टा घालून दीड वर्ष घालवलेली मुलगी आम्ही पाहिली आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची शारीरिक पुनर्वसनाची संस्था आहे, तिथे अशी साधनं बनवण्याचा स्वतंत्र विभाग आहे. सरकारी मेडिकल कॉलेजमधूनही तिथे चिठ्ठी मिळते का, विचारा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर पैशाचा विचार करून घरी परतण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि कोणत्या योजनेत बसतं ते लेखी मागा.

ब्रेसने बाक सरळ होत नाही. तो वाढू नये म्हणून असतो. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास छापून आला. २० ते ४० अंश बाक असलेली, वाढ बाकी असलेली मुलं-मुली त्यात होती. ब्रेस घातलेल्या शंभरांपैकी ७२ जण पन्नास अंशांच्या आत राहून वाढ पूर्ण करू शकले, नुसतं बघत राहिलेल्यांपैकी ४८. म्हणजे नुसतं बघत राहूनही जवळपास अर्धे वाचलेच. हे लपवून ब्रेस विकणाऱ्यापासून सावध राहा. पण दुसरी ओळही वाचा: ब्रेस रोज १८ तास घालायला सांगितला होता, आणि जे खरोखर १३ तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त घालत होते त्यांच्यात यश शंभरात नव्वदच्या पुढे गेलं.

तेरा तास. दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याखाली, मे महिन्यात. आम्हाला माहीत आहे आम्ही काय मागतो आहोत. आतून सुती बनियन, घाम आला की बदलायला दुसरं. रात्रीची झोप धरून आठ-नऊ तास निघतात, संध्याकाळचा अभ्यास आणि टीव्ही धरून बाकीचे. डॉक्टरांनी जास्त सांगितले असतील तर आपल्या मनाने कमी करू नका, अडचण त्यांनाच सांगा. आंघोळ आणि खेळ ब्रेस काढून. कबड्डी बंद करू नका. बाक असलेल्या मुलीने खेळू नये हे कुणी सांगितलं माहीत नाही, पण सगळ्या वस्त्यांत ते पोचलंय. व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट मिळाले तर चांगलंच, पाठीला ताकद येते. फक्त वाढीच्या वर्षांत मोठ्या बाकावर व्यायाम हा ब्रेसचा बदली कामगार नाही. हाडवैद्याने दाबून, ओढून, लोंबकळवून कणा सरळ होत नाही.

काही मुलांसाठी सहा महिने थांबायचंच नाही. दहा वर्षांच्या आत बाक दिसला तर लगेच, कारण तेव्हा फुप्फुसंही वाढत असतात. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, रोज संध्याकाळी ताप, वजन उतरणं, पाय लटपटणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काही असेल तर लगेच. विशेषतः पाठीच्या मधोमध टोकदार उंचवटा आणि दुखणं असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. आपल्या दाटीच्या वस्त्यांत टीबी शेजारीच राहतो. वेळेवर औषधं सुरू झाली तर तो बरा होतो, उशीर झाला तर पाय जातात. जन्मतः मणका अर्धवट बनलेला असणं, सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आजार यांतले बाक वेगळे, त्यांची चाल वेगळी, वरचे आकडे त्यांना लावू नका.

लग्नाचं बोलायला हवं, कारण घरात ते आधीच बोललं जातं, मुलगी झोपली असं समजून. “आत्ताच डॉक्टर केले तर बोभाटा होईल.” बोभाट्याच्या भीतीने बारा ते पंधरा ही तीन वर्षं जातात, आणि जे झाकायचं होतं तेच मोठं होऊन बसतं. बाक असलेल्या स्त्रियांना मुलं होतात, बहुतेकींची बाळंतपणं इतरांसारखीच होतात. भुलेचं इंजेक्शन कण्यात द्यायचं असेल तर डॉक्टरला आधी सांगावं लागतं, एवढंच. सासरी लपवून दिलेल्या एका मुलीने पहिल्या बाळंतपणात ते सांगितलं नाही, कारण सासू बाजूला उभी होती. चार वेळा सुई टोचली गेली.

आणि मुलीला कुणी विचारतं का? ज्या मुलीची गोष्ट वर सांगितली तिने शस्त्रक्रियेच्या आधी आम्हाला एकच विचारलं होतं, मला आधी का नाही सांगितलं. साडेअकराव्या वर्षी तिला २४ हा आकडा कळला असता, तर तारीख तिने स्वतः लक्षात ठेवली असती. शाळेत जाणारी मुलगी होती, कॅलेंडर वाचत होती. आम्ही आईला अर्धं सांगितलं आणि तिला काहीच नाही.

सरकारचं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे दात, डोळे, कान, हृदय, रक्त, सगळं त्यात आहे. सुरुवातीच्या तीस आजारांच्या यादीत वाकडे पाय आहेत, निखळलेला खुबा आहे, वाकडा कणा नाही. पथकातले डॉक्टर मुलीसमोर उभे असतातच. तिला पाठ फिरवून एकदा वाकायला सांगायला यादीत ओळ लागते, ती ओळ आम्हाला हवी आहे. पाचवी आणि सातवीच्या मुली, आठवीची मुलं, पडद्यामागे, बाई डॉक्टर किंवा परिचारिकेकडून. उंचवटा सापडला तर मराठीत लिहिलेली चिठ्ठी, त्यावर पुढची तारीख आकड्यात.

ते होईपर्यंत रविवारी वंदनेनंतर विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी-तिघी बसतो. दहा ते पंधरा वयाच्या मुलींना घेऊन या. आधीचे केसपेपर असतील तर तेही आणा, इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचून सांगू आणि पुढची तारीख मुलीच्याच वहीत तिच्याच हाताने लिहून घेऊ. शाळेला द्यायच्या अर्जावर सह्या घेणं सुरू आहे. शिलाईवाल्या ताईची सही सगळ्यात वर आहे.